माहीमची बखर आणि बखरीत न मावलेलं माहीम

नोकरीची पहिली दोन वर्षं मी माहीमला राहिलो. ऑफिस वांद्र्याच्या पलीकडे होतं, भाडं तिघांत वाटून परवडत होतं, एवढाच त्या जागेशी संबंध. खाडीचा वास, दर्ग्याकडे जाणारी गर्दी, बुधवारी चर्चबाहेर मेणबत्त्या विकणाऱ्या बायका आणि कॉजवेवरचा ट्रॅफिक यांच्या पलीकडे माहीमला काही इतिहास असेल, असं मनात आलं नव्हतं. मी वेल्ह्याकडचा. आमचं मार्गासनी नसरापूर-वेल्हे रस्त्यावर आहे. राजगडाला जाणारे इथूनच साखर-गुंजवण्याकडे वळतात. इतिहास म्हणजे डोंगरावर असतो, त्याला बुरूज असतात आणि तो सतराव्या शतकात सुरू होतो, एवढं आमच्याकडच्या पोराला न शिकवता येतं. समुद्रकाठी, सपाटीवर, भाड्याच्या खोलीखाली इतिहास असू शकतो हे उशिरा कळलं.

कळलं ते एका पुस्तकामुळे. 'महिकावतीची बखर' वि. का. राजवाडे यांनी संपादित करून १९२४ साली छापली. त्याला शंभर वर्षं उलटून गेली. मी ती स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये, घरून काम करायच्या दिवसांत, मार्गासनीला बसून वाचली. महिकावती म्हणजे माहीम. आज मुंबईत विरघळून गेलेलं हे एके काळचं वेगळं बेट आणि त्यावरचं छोटं शहर. मुंबईचं नाव घेण्याचं कुणाला कारण नव्हतं, तेव्हा या भागात ज्याचं नाव घ्यावं लागे असं गाव. त्या गावाच्या नावाने लिहिलेली मराठी बखर हातात आल्यावर मला वाटलं, आता हे गाव कळेल. बखर संपली तेव्हा मला बरंच काही कळलं होतं, पण माहीम कळलं नव्हतं. असं का झालं, हे या लेखात शोधायचं आहे.

एक बखर नव्हे, सहा

आधी राजवाड्यांचं श्रेय. हस्तलिखितात सलग दिसणारा मजकूर हा एका माणसाने एका बैठकीत लिहिलेला नाही, हे त्यांनी ओळखलं. यात सहा प्रकरणं आहेत. काही भाग ओवीबद्ध, काही गद्य. लिहिणारे वेगळे, काळ वेगळे, हेतूही वेगळे. सर्वांत जुना भाग केशवाचार्याचा, शके १३७० चा, म्हणजे इसवी सन १४४८ चा. बाकीची प्रकरणं नंतरच्या हातांनी जोडली आहेत. राजवाड्यांनी भाषेवरून, कालनिर्देशांवरून आणि आतल्या विसंगतींवरून हे थर वेगळे केले.

माझ्या धंद्यात हे काम रोजचं आहे. दहा वर्षं जुना कोड समोर येतो, लिहिणारे नोकरी सोडून गेलेले असतात, कुणी काय आणि का बदललं याची नोंद नसते. मग एका फंक्शनची नावं ठेवायची पद्धत दुसऱ्यापेक्षा वेगळी आहे, एवढ्यावरून अंदाज बांधावा लागतो की इथे हात बदलला. असं काम करताना सर्वांत मोठा मोह म्हणजे विसंगती 'दुरुस्त' करण्याचा. दोन जागी दोन वेगळ्या किमती दिसल्या की आपण एक चूक ठरवतो आणि पुसतो. राजवाड्यांनी पुष्कळ ठिकाणी हा मोह टाळला. एका ठिकाणी मात्र ते अडकले असं मला वाटतं, आणि ते ठिकाण म्हणजे खुद्द बिंब राजा.

बखरीच्या परंपरेत गुजरातेकडून येणारा प्रताप बिंब आहे आणि देवगिरीच्या यादवांशी नातं सांगणारा बिंबदेवही आहे. आधीच्या अनेक लेखकांनी या दोघांचा एकच राजा केला होता. राजवाड्यांनी त्यांना वेगळं काढलं. पहिला शके १०६० चा म्हणजे ११३८ चा, दुसरा तेराव्या शतकाच्या अखेरचा. एकाचे दोन केल्याने बखरीतली विसंगती मिटते, पण बखरीबाहेरची अडचण मिटत नाही. ११३८ च्या सुमारास उत्तर कोकणात ठाण्याचे शिलाहार राज्य करत होते. हरिपालदेव, मल्लिकार्जुन यांचे बाराव्या शतकाच्या मध्यातले लेख आहेत. परळला सापडलेला अपरादित्याचा लेख त्याच शतकाच्या अखेरचा आहे. म्हणजे बखर ज्या काळात माहीमला बिंबाचं राज्य सांगते, त्याच काळात आसपासचे दगड शिलाहारांचं नाव सांगतात. दगड काही बखरीपेक्षा सत्यवादी असतो असं नाही, राजे दगडावरही बढाया मारतात. पण दगड त्या काळातला आहे आणि केशवाचार्य तीनशे वर्षांनंतरचा. दोघांत तडजोड घडवायची म्हणून राजा विभागण्याऐवजी एक साधा प्रश्न विचारता येतो. १४४८ साली लिहिणाऱ्याला ११३८ चा राजा कशासाठी हवा होता?

सहासष्ट

या प्रश्नाचं उत्तर मला एका आकड्यात सापडलं. प्रताप बिंबाबरोबर ६६ कुळं आली, असं बखर सांगते. त्यांत सोमवंशी, सूर्यवंशी, शेषवंशी अशा गटांची कुळं अधिक. उत्तर कोकणातल्या अनेक ज्ञातींच्या परंपरा आजही स्वतःचं आगमन या यादीशी जोडतात.

आता मुंबईच्या उत्तरेचं मोठं बेट साष्टी. हे नाव 'षट्षष्टि'वरून आलं, म्हणजे सहासष्ट गावांचा मुलूख. म्हणजे ६६ गावांच्या मुलखात ६६ कुळं आली. कोड वाचताना असा आकडा दोनदा दिसला की आमची भुवई वर जाते. कुणीतरी मोजून आलेला आकडा आणि कुणीतरी रचनेसाठी ठरवलेला आकडा यांत फरक असतो. ही यादी जनगणना नसावी, आराखडा असावा, असं मला वाटतं. मुलूख जितक्या भागांचा, तितके हक्कदार. यामुळे बखर खोटी ठरत नाही, तिचं काम काय होतं ते कळतं. ही बखर कोण आलं ते सांगायला बसलेली नाही. ती सांगते कोणाचा हक्क कुठून येतो.

केशवाचार्याचा भाग ज्या प्रसंगातून निघतो तोही हेच सांगतो. मालाडचे देसले नायकोराव यांना देवीचा दृष्टांत होतो. सत्ता बदलली आहे, लोक आपलं कुळ, आपला आचार विसरत चालले आहेत, तेव्हा सर्वांना जमवून त्यांना त्यांची वंशावळ सांगितली पाहिजे. 'महाराष्ट्रधर्म' हा शब्द या बखरीत येतो तो या संदर्भात. पुढे या शब्दाचं जे झालं ते सर्वांना ठाऊक आहे. आज तो बखरीतून उचलून घोषणेसारखा वापरला जातो, तेव्हा त्याच्या मागची सभा कुणाला आठवत नाही. सभेत बसलेल्यांना राज्य परत मिळवायचं नव्हतं. आपण कोण, कुणाच्या वर, कुणाच्या खाली आणि का, हे त्यांना लिहून ठेवायचं होतं.

समुद्र कुठे आहे?

बेटावरच्या शहराची बखर वाचताना मी समुद्र शोधत होतो. तो येतो, पण सीमा म्हणून येतो. व्यापारी जातीही यादीत डोकावतात. गोष्ट मात्र पुढे सरकते ती कुळं, गावं, वतनं आणि लढाया यांच्या जोरावर. तांडेल कोण होते, कोणतं जहाज कुठून आलं, जकात कोण घेई, बाजार कुठे भरे, यांवर बखरीचं लक्ष नाही.

आणि हे लिहिलं जात होतं तेव्हा माहीम काय होतं, ते बघा. १४३१ साली, म्हणजे केशवाचार्याने लिहिण्याआधी फक्त सतरा वर्षं, इथे मखदूम अली माहिमी वारले. ज्यांच्या दर्ग्याच्या गर्दीतून मी रोज वाट काढायचो तेच हे. ते नवायत समाजातले. हा समाज समुद्रावरच्या व्यापारातून या किनाऱ्यावर रुजलेल्या अरब घराण्यांशी नातं सांगतो. माहिमींनी अरबीत कुराणावर भाष्य लिहिलं, ते आजही अभ्यासलं जातं. असा विद्वान एखाद्या ओसाड बेटावर घडत नाही. त्यासाठी ग्रंथ यावे लागतात, शिकवणारे यावे लागतात, मशिदी आणि मदरसे चालवणारा पैसा लागतो. हे सगळं त्या काळी गलबतातून येत होतं.

त्याच सुमारास, १४३० च्या आगेमागे, बहमनी सुलतानाच्या सरदाराने माहीम बेट घेतलं आणि गुजरातच्या सुलतानाने ते परत जिंकलं. बहमनींच्या या सरदाराचं नाव खलफ हसन बसरी. मूळचा घोड्यांचा व्यापारी. त्याला मिळालेली पदवी होती मलिक-उत्-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा मुख्य. गुलबर्गा-बीदरची सत्ता आणि अहमदाबादची सत्ता एका लहानशा बेटासाठी लढतात, आणि चढाई करणारा सरदार व्यापारी असतो. माहीम कशामुळे मोलाचं होतं, हे सांगायला याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

पुढे सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला दुआर्ते बार्बोझा हा पोर्तुगीज लेखक 'ताना-मायाम्बू'चं वर्णन करतो. या जोडनावातलं दुसरं नाव माहीमचं असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. मशिदी, देवळं, बागा यांनी भरलेली रम्य जागा, बंदर आहे पण व्यापार थोडका, आणि खाडीत चाचे, असं त्याचं चित्र. म्हणजे तोवर उतरती कळा लागलेली. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातली ही बेटं पोर्तुगीजांना दिली. १६६५ साली मुंबई इंग्रजांच्या ताब्यात जाताना माहीम तिच्यात मोडतं की नाही, यावर दोघांत भांडण झालं. पोर्तुगीज म्हणाले, माहीम वेगळं. इंग्रजांनी ते घेतलंच. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. लेडी जमशेदजींनी त्यासाठी १ लाख ५७ हजार रुपये दिले, अट एवढीच की टोल घ्यायचा नाही. त्यानंतर माहीमला बेट म्हणायचं कारणच उरलं नाही.

या क्रमात जो माणूस सतत आहे, तो बखरीत कमी आहे. होडी वल्हवणारा कोळी, माल उतरवणारा, दोर वळणारा, मीठ पिकवणारा. व्यापार करणारे येतात, राहतात, भाव पडला की निघून जातात. त्यांच्याजवळ पेढीच्या वह्या असतील, वंशावळ सांगत बसायची त्यांना गरज नसते. जमिनीशी बांधलेल्याला मात्र वंशावळीशिवाय गत्यंतर नसतं. म्हणून बेटाचा इतिहास बेटावर जमीन असलेल्यांनी लिहिला आणि तो आपण बेटाचा इतिहास म्हणून वाचतो.

नोंद, कैफियत, गोष्ट

हा फरक मला आमच्याकडच्या कागदांमुळे लवकर दिसला असावा. भोर तालुक्यातलं कारी हे जेध्यांचं गाव. कान्होजी जेधे इथले. या घराण्याकडून इतिहासाला दोन मोठी साधनं मिळाली, जेधे शकावली आणि जेधे करीना. शकावली म्हणजे तारीखवार नोंदी. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्धीस आणली. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी तिच्यातून पुढे आली, आणि आपण आज १९ फेब्रुवारीला जयंती करतो ती त्यावरून. करीना म्हणजे घराण्याने आपल्या वतनाच्या बाजूने सांगितलेली हकिगत.

दोन्ही कागद एकाच घरातले, पण वाचायची रीत वेगळी. शकावली ही सर्व्हरच्या लॉगसारखी आहे. ती कमी बोलते, म्हणून तिच्यावर जास्त भरवसा टाकता येतो. करीना ही कोर्टातल्या प्रतिज्ञापत्रासारखी. तिच्यात खरं असतं, पण ते कुणाच्यातरी विरुद्ध आणि कशाच्यातरी मागणीसाठी सांगितलेलं असतं. करीना वाचताना दर ओळीला विचारावं लागतं की इथे समोर कोण बसलं आहे.

महिकावतीच्या बखरीला आपण 'बखर' म्हणतो म्हणून ती गोष्टीसारखी वाचतो, आणि राजवाड्यांनी तारखा लावून दिल्या म्हणून शकावलीसारखी उद्धृत करतो. माझं म्हणणं असं की तिचा मोठा भाग करीन्याच्या जातीचा आहे. एका घराण्याऐवजी अनेक कुळांनी मिळून केलेला करीना. असं वाचलं की बिंब राजाच्या तारखेचा प्रश्न हलका होतो. हक्क जितका जुना तितका पक्का. म्हणून राजा शिलाहारांच्या काळात असावा लागतो, म्हणून तो बाहेरून आणि सैन्यासह यावा लागतो, आणि म्हणून येताना त्याच्याबरोबर नेमकी सहासष्ट कुळं असावी लागतात.

राजवाड्यांचं मोठं विधान

बखरीइतकीच तिची प्रस्तावना प्रसिद्ध आहे, आणि काही बाबतींत ती बखरीहून वाचनीय आहे. तिच्यात राजवाडे उत्तर कोकणात वस्ती कशी होत गेली याचा आराखडा मांडतात. कातकरी, वारली, ठाकूर, कोळी यांच्यापासून सुरुवात करतात. म्हणजे बखर ज्यांना हक्कदार म्हणून ओळखत नाही त्यांना संपादक प्रस्तावनेत आणून बसवतो. हे १९२४ साली केलं, याचं मोल मोठं आहे.

पण तिथेच ते दुसरा प्रश्न विचारतात. इतकी राज्यं आली आणि गेली, तरी इथला सामान्य माणूस स्वस्थ कसा राहिला? त्यांचं उत्तर थोडक्यात असं की अन्न मुबलक होतं, गावगाडा आपला आपण चालत होता, सरकारशी संबंध सारा देण्यापुरता. त्यामुळे राज्यसंस्थेविषयी लोक उदासीन राहिले.

हे विधान शंभर वर्षं टिकलं, कारण ते ऐकायला खरं वाटतं. पण ज्या बखरीला ते जोडलं आहे तीच बखर त्याला नडते. बखरीतली माणसं उदासीन कुठे आहेत? सत्ता बदलली की ती सभा भरवतात, ब्राह्मणाकडून वंशावळ लिहून घेतात, देवीची साक्ष काढतात. राजाबद्दल त्यांना फिकीर नसेल, दप्तराबद्दल भलतीच आहे. नवीन येणाऱ्या सत्तेच्या कागदात आपलं नाव कुठल्या रकान्यात पडणार, यावर त्यांचं सगळं लक्ष आहे. याला उदासीनता म्हणता येत नाही. ते राजकारणच आहे, फक्त गादीचं नाही, रकान्याचं.

आणि ज्यांना दप्तरात रकानाच नव्हता, त्यांच्या स्वस्थपणाबद्दल बोलायला आपल्याकडे काही आधारच नाही. त्यांनी काही लिहिलं नाही, यावरून त्यांना काही वाटलं नाही असं ठरत नाही. राजवाड्यांसारखा माणूस, ज्याने कागदांसाठी गावोगाव पायपीट केली, तो कागद नसण्यालाच पुरावा धरून पुढे गेला, एवढीच माझी तक्रार.

रकाना

हे सगळं इतक्या आवेशाने लिहायला मी काही इतिहासाचा विद्यार्थी नाही. कारण घरचं आहे.

माझे आजोबा तीस वर्षं मुंबईत एका गोदामात हमाल होते. ते कधी 'मुंबईला कामाला' म्हणायचे नाहीत, 'बंदरावर कामाला' म्हणायचे. पाठीवर वाहिलेल्या पोत्यांवरून त्यांना देशांची नावं ठाऊक होती. मार्गासनीला परत आले तेव्हा त्यांच्या तीस वर्षांची नोंद म्हणजे एक पासबुक आणि वाकलेली पाठ. शहराच्या कुठल्या बखरीत ते बसतील असं मला वाटत नाही.

मागच्या वर्षी आमच्या भागातल्या काही जणांनी ठरवलं, गावागावांतल्या घरांची माहिती गोळा करून पुस्तिका काढायची. कॉम्प्युटरवाला म्हणून फॉर्म करायचं काम माझ्याकडे आलं. मी अर्ध्या तासात केला. कुटुंबप्रमुख, कुळ, मूळ गाव, मूळ पुरुष, वतन असल्यास त्याचा तपशील. पहिल्या चार प्रश्नांना लाल चांदणी लावली, म्हणजे उत्तर दिल्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही. डेटा स्वच्छ हवा, ही माझी सवय.

माहिती भराभर आली. देशमुखी-पाटीलकीच्या घरांनी तर फॉर्ममध्ये मावेना इतकं लिहिलं. मग एक दिवस कातकरी वाडीवरच्या एका पोराचा फोन आला. बारावी झालेला, मोबाइलवरून भरत होता. म्हणाला, "दादा, मूळ पुरुषात काय टाकू? आज्याच्या आधीचं आमच्यात कुणाला नाव ठाऊक न्हाय. आन त्याबिगर सबमिट होईना." मी म्हणालो, "काहीही टाक, डॅश टाक." त्याने चारही ठिकाणी डॅश टाकला. पुस्तिकेच्या मसुद्यात ते घर 'इतर' या मथळ्याखाली गेलं. कुणी मुद्दाम केलं नाही. रिकाम्या उत्तरांची घरं शेवटी टाकायची, असं मीच सॉर्टिंग लावलं होतं.

त्याच आठवड्यात मी बखरीतली कुळांची यादी पुन्हा वाचत होतो. इतके दिवस केशवाचार्याला आणि राजवाड्यांना जे विचारत होतो ते मलाही लागू होतं, हे ध्यानात आलं. केशवाचार्याने कोळ्यांना हाकललं नसेल. त्याच्याकडे सांगायला आलेल्यांचं त्याने लिहिलं, आणि त्याचा प्रश्न कुळाचा होता म्हणून उत्तरही कुळाचंच आलं. त्याने 'या बेटावर तुम्ही काय काम करता' असं विचारलं असतं, तर आज आपल्या हातात वेगळं माहीम असतं.

म्हणून बखर वाचायची ती टाकून देण्यासाठी नाही. मुंबई मुळात कुणाची, या व्हॉट्सॲपवरच्या भांडणात ती दाखला म्हणून फेकली जाते, त्यासाठी तर मुळीच नाही. तिच्या सहा हातांपैकी कोणता हात बोलतोय आणि तो कुणाला विचारून लिहितोय, एवढं बघत वाचायची. जोडीला दगड ठेवायचे, फारसी तवारिखा ठेवायच्या, दर्गा ठेवायचा, कोळीवाड्यातली तोंडी सांगितलेली नावं ठेवायची. बखर एकटी वाचली तर माहीम सापडत नाही. या सगळ्यांच्या शेजारी ठेवली तर थोडंफार सापडतं.

फॉर्ममधल्या चांदण्या मी काढल्या आणि एक प्रश्न वाढवला, 'घरातल्यांनी आजवर कुठे कुठे, काय काम केलं?' पुस्तिका काढणाऱ्यांपैकी एक काका म्हणाले, "हे कशाला? याला इतिहास म्हणत नाहीत." वाद अजून चालू आहे, पुस्तिका अजून छापायची आहे. वाडीवरच्या त्या पोराने मात्र फॉर्म पुन्हा भरला. त्या एका प्रश्नाला त्याचं उत्तर सगळ्या गावांत सर्वांत लांब आहे. त्यात कोळशाच्या भट्ट्या आहेत, वीटभट्ट्या आहेत आणि त्याच्या आज्याने मढे घाटातून पायी केलेल्या खेपा आहेत.